लसूण ठेचावी कां?

रोज हातीं येणाऱ्या वस्तूचा अभ्यास करावा असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. लसणीचेंच पाहा. अखंड पाकळी हुंगली तर वास जवळजवळ नाहींच. तीच पाट्यावर वरवंट्याखालीं सांपडली कीं वास थेट ओटीपर्यंत पोहोंचतो. इतका वेळ हा वास होता तरी कोठें?

तो नव्हताच, असें रसायनशास्त्र सांगतें. पाकळींत ॲलिइन नांवाचें गंधकयुक्त परंतु वास नसलेलें द्रव्य असतें, आणि त्याच्या शेजारींच, पण निराळ्या कप्प्यांत, ॲलिनेज नांवाचें एन्झाइम असतें. पाकळी चिरडतांच कप्पे फुटतात, दोघांची गांठ पडते आणि क्षणार्धांत ॲलिसिन जन्मास येतें. हें ॲलिसिन इ. स. १९४४ सालीं कॅव्हलिटो व बेली ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें व त्याच्या अंगीं जंतुनाशक शक्ति आहे असें दाखविलें. किडीनें दांत लावतांच तिच्या तोंडांत तिखट विष फुटावें, अशी ही झाडाची स्वसंरक्षणाची सोय आहे. आमची चटणी हा तिचा मूळ हेतु खास नव्हे!

एन्झाइमास उष्णता सोसत नाहीं. अख्खी पाकळी कढत तेलांत टाकली तर तें आधींच निकामी होतें व ॲलिसिन फारसें बनत नाहीं. म्हणून लसूण आधीं ठेचावी, दहाएक मिनिटें तशीच ठेवावी व मग फोडणीस घालावी. खलबत्त्यांत ठेचा कुटणाऱ्या आमच्या आजीबाईंना एन्झाइम ठाऊक नव्हतें; कृति मात्र बिनचूक होती.

आमच्या वैद्यकांत लसणीस रसोन म्हणतात. सहा रसांपैकीं एक, म्हणजे आंबट, तिच्यांत उणा, अशी त्या नांवाची फोड करतात. इ. स. १८९० मध्यें मध्य आशियांतील कूचा येथें बॉवर नांवाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यास भूर्जपत्रांवर लिहिलेली एक जुनी संस्कृत पोथी मिळाली. तिच्यांतील पहिलें वैद्यकीय प्रकरण लसणीच्या गुणवर्णनानेंच सुरू होतें.

पण स्तुति निराळी आणि प्रमाण निराळें. ज्यांचा रक्तदाब मुळांतच वाढलेला आहे, त्यांचा दाब लसणीच्या गोळ्यांनीं थोडासा उतरतो व रक्तांतील कोलेस्टेरॉलही किंचित् कमी होतें, असें अनेक प्रयोगांत दिसून आलें आहे. सर्दीविषयीं २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १४६ माणसांपैकीं अर्ध्यांस लसणीची व अर्ध्यांस तशीच दिसणारी निर्गुण गोळी १२ आठवडे दिली. पहिल्यांत २४ वेळां सर्दी झाली, दुसऱ्यांत ६५ वेळां. आंकडे भुलविणारे आहेत खरे, परंतु एका प्रयोगावर निकाल देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

‘थोडासा’ हा शब्द आम्हीं जाणूनबुजून वापरला आहे. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ रक्तदाबाची गोळी नियमानें घेत असत. कोणीसें सांगितलें म्हणून त्यांनीं ती सोडली व रोज सकाळीं अनशापोटीं लसणीच्या दोन पाकळ्या चावण्यास आरंभ केला. तीन महिने प्रकृति उत्तम वाटली. वाढलेला रक्तदाब दुखत नाहीं, हेंच त्याचें कपट. एके पहाटे त्यांचें तोंड वांकडें झालें आणि उजवा हात गेला. आज ते डाव्या हातानें जेवतात. ताटांत लसणीची चटणी असते आणि शेजारीं गोळीही असते.

आणखीही सावधगिरी हवी. लसूण रक्त गोठण्याचा वेग कमी करते, म्हणून रक्त पातळ करणारें औषध चालूं असेल अथवा शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर डॉक्टरांस तसें सांगावें. तान्ह्या मुलाच्या छातीस ठेचलेली लसूण बांधण्याची चाल तर सर्वस्वीं टाकावी. कोंवळ्या कातडीवर तिनें भाजल्यासारखे फोड उठतात. कच्ची लसूण तेलांत बुडवून बरणी दिवसेंदिवस बाहेर ठेवूं नये. हवेवांचून वाढणारा बोट्युलिझमचा जंतु तेथें विष निर्माण करूं शकतो.

राहतां राहिला तोंडाचा वास. दांत घासून तो पुरता जात नाहीं, कारण लसणींतील एक गंधकयुक्त द्रव्य रक्तांत मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडत राहतें. जेवतांना पेलाभर दूध घेतल्यास तो पुष्कळ कमी होतो. वर्गांत शेजारीं बसणाऱ्या मित्रासाठीं एवढें करावयास हरकत नाहीं.