हाकेच्या अंतरावर

तुम्ही दोघं बहीणभाऊ मिळून या नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जाणार हे कळल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही. आनंद आहेच, काळजीही आहे. फोनवर घाईत ज्या गोष्टी सांगून होत नाहीत त्या लिहून पाठवते आहे. यातलं माझं स्वतःचं थोडं, बाकी सगळं ऐकलेलं आणि शिकलेलं. माझे सासरे आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या आतेसासूबाई, दर वर्षी विस्कॉन्सिनच्या उत्तरेला शवॉमेगनच्या जंगलालगत एका लाकडी केबिनमध्ये मुक्काम ठोकत. बाकी वर्षभर दोघांचं विशेष सख्य नव्हतं. शेताची हद्द, आईचं आजारपण, गाईंचा सौदा, कशावरूनही खटके उडत. पण थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो, नऊ दिवस चालतो, आणि ते नऊ दिवस दोघांपैकी कुणीही चुकवले नाहीत. मी सून म्हणून त्या घरात गेले तेव्हा दोघांनी मला हाताला धरून शिकवलं. ते आता तुमच्या हवाली करते.

वहिनीचं म्हणणं मला ठाऊक आहे. आपल्या घरात कुणी कधी हरीण मारलं नाही, मग यांनाच काय पडलंय? तिला सांगा, भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहायला हवा. तिथं जंगलही थोडं उरलंय आणि जनावरही. विस्कॉन्सिनची गोष्ट वेगळी. तिथं पांढऱ्या शेपटीची हरणं 15 लाखांच्या वर आहेत, त्यांना खाणारे लांडगे मोजके, आणि हरणं फार झाली की हेमलॉक-सीडरची कोवळी रोपं जमिनीतून वर येऊच शकत नाहीत. वन्यजीव-अभ्यासक आल्डो लिओपोल्ड 1940 च्या दशकात हेच सांगत होते आणि त्यापायी त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला. मॅडिसनहून उत्तरेला जाताना बॅराबूजवळ त्यांची झोपडी आहे. 1935 मध्ये जमीन घेतल्यावर तिथल्या कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याची साफसफाई करून त्यांनी ती राहण्याजोगी केली. त्यांची पाच मुलं सुटीच्या दिवशी आईबापांबरोबर तिथं जात, आणि सगळ्यांनी मिळून हजारो पाइन लावले. वाट थोडी वाकडी करून ते बघून या. ते पाइन आता मान वर करून बघावे लागतात.

आता कामाचं. हरीण कुठे आहे हे शोधायच्या आधी आपलं भावंड कुठे आहे हे पक्कं माहीत हवं. आदल्या रात्री जेवणं झाली की टेबल पुसून नकाशा पसरा. तू कुठल्या झाडावर, तो कुठल्या झाडावर, दोघांनी आपापल्या हातानं खूण करा. मग प्रत्येकानं दुसऱ्याच्या झाडाच्या डावी-उजवीकडचा मोठा तुकडा पेन्सिलीनं काळा करायचा. त्या तुकड्याकडे बंदुकीचं तोंड वळणार नाही, समोर कितीही मोठ्या शिंगांचा नर येऊन उभा राहिला तरी. माझे सासरे हे नुसतं कागदावर ठेवत नसत. बहिणीला मोठ्यानं म्हणायला लावत: मी ओढ्याच्या अलीकडे, माझी गोळी ओढ्यापलीकडे जाणार नाही. आणि मग स्वतः म्हणत. पंचाहत्तरी उलटलेली ती दोघं कंदिलाखाली असं एकमेकांना बजावत बसलेली मी पाहिली आहेत. तुम्हाला पहिल्यांदा म्हणताना संकोच वाटेल. तरी म्हणा.

ठरलेल्या वेळेआधी जागा सोडायची नाही. थंडी वाजली, कंटाळा आला, लघवीला लागली, काहीही झालं तरी जागच्या जागी. आणि परतताना भावाच्या बाजूनं जावं लागलं तर दुरूनच माणसाच्या आवाजात, नावानं हाक मारायची. शीळ नाही, खाकरणं नाही, फांदी मोडणं तर नाहीच.

विस्कॉन्सिनच्या कायद्यात एक कलम आहे, ते मला फार आवडतं. बंदुकीनं गटात शिकार करणाऱ्यांपैकी एकाचा परवाना शिल्लक असेल, तर त्याच्यासाठी दुसऱ्यानं हरीण मारलेलं चालतं. अट अशी की त्या क्षणी दोघं एकमेकांना डोळ्यांनी दिसत असावेत किंवा साधा आवाज ऐकू येत असावा. फोन, वॉकीटॉकी धरत नाहीत. कानाचं यंत्र तेवढं चालतं. म्हणून तुम्ही दोघं पहिल्या वर्षी जवळजवळच्याच जागा घ्या, हाकेच्या टप्प्यात. हाका घालणाऱ्या टोळीत मात्र या वर्षी जाऊ नका. एक रांग चालत येते, दुसरी वाट बघत उभी असते, हरीण मधून धावतं आणि बंदुका त्याच्याबरोबर फिरतात. अनोळखी माणसांबरोबर ते जोखमीचं.

कपडे भडक नारिंगी. कमरेवरचे निम्मे तरी कपडे त्या रंगाचे हवेत हा तिथला नियम 1980 पासूनचा. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. हरणाला नारिंगी रंग आपल्याला दिसतो तसा दिसत नाही, तेव्हा धाकट्या, चट्ट्यापट्ट्यांच्या जाकिटासाठी हट्ट धरू नकोस. हरणाला निळं चांगलं दिसतं. साबणाच्या पावडरीत कपडे उजळ करणारी जी द्रव्यं असतात त्यांची झाक त्याला जाणवते, म्हणून कपडे बिनवासाच्या, उजाळा न देणाऱ्या साबणात धुवा आणि बाहेर वाळवा. आत लोकरीचे. सुती बनियन घामानं भिजला की दिवसभर अंगाला थंड चिकटून बसतो. बूट एक माप मोठे घ्या. दोन मोज्यांनी पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि मग बोटं आधी गारठतात.

बंदुकीचे चार नियम तुम्ही वर्गात शिकला आहात. ती भरलेलीच आहे असं समजायचं; नळी सुरक्षित दिशेला; समोर काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री; आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर. पाचवा आतेसासूबाईंचा. बंदूक एकाकडून दुसऱ्याकडे देताना बोल्ट मागे ओढायचा, आतली रिकामी जागा डोळ्यांनी बघायची, अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायची, मग पुढे करायची. घेणाऱ्यानं स्वतः पुन्हा बघायचं, मोठ्यानं “घेतली” म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय देणाऱ्यानं हात सोडायचा नाही. कुंपण ओलांडताना, बर्फावरून उतरताना, मचाणाखाली, दर वेळी हेच. सख्ख्या भावावर विश्वास नाही का असं मनात येईल. त्याचा इथे संबंध नाही; दोघांनी बघायचं म्हणजे दोघांनी.

मचाणावरून पडून मोडणारी हाडं बंदुकीच्या अपघातांपेक्षा जास्त. पाय जमिनीवरून उचलायच्या आधी पूर्ण अंगाचा पट्टा बांधा आणि तो झाडाला सोडलेल्या दोरात अडकवूनच चढा. बंदूक पाठीला लावून चढायचं नाही. रिकामी करून दोरीला बांधायची, वर बसल्यावर ओढून घ्यायची, तेव्हा नळी खाली. एकानं दुसऱ्याचा पट्टा ओढून बघायचा. लहानपणी तुम्ही एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधायचात ते मी पाहिलंय, तेव्हा हे जमेल.

सूर्योदयाआधी अर्धा तास बंदूक चालवायची मुभा सुरू होते, पण त्याच्याही तासभर आधी झाडावर असा. वारा तोंडावर येईल अशी जागा घ्या; हरीण नाकानं जगतं. शेपूट वर करून पांढरं निशाण दाखवत पळालं तर पळू दे. समोर आलं की ते आडवं उभं राहीपर्यंत थांब. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर, तिथं फुप्फुसं असतात. तोंड आपल्याकडे असेल, पाठ असेल, मध्ये फांद्या असतील, तर गोळी नाही. दिवसभर बसून एकही गोळी न झाडता उतरणं यात कमीपणा नाही, माझे कितीतरी दिवस असे गेलेत.

गोळी लागल्यावर लगेच खाली उड्या मारू नका. निदान अर्धा तास बसा. जखमी हरणाच्या मागे धावलं की ते उठतं आणि मैलभर जाऊन मरतं, आणि ते आपल्या हाती लागलं नाही तर तो त्या जिवावर अन्याय. मग माग काढायचा, आणि हे काम खरोखर दोघांचं आहे. शेवटचा रक्ताचा थेंब जिथं सापडला तिथं एकानं उभं राहायचं, हलायचं नाही. दुसऱ्यानं पुढे वाकून शोधायचं. नवा थेंब मिळाला की हाक, आणि मागच्यानं तिथं यायचं. दर थेंबापाशी फांदीला टॉयलेट पेपरचा तुकडा लावत गेलं की मागे वळून बघितल्यावर हरणाची दिशा ओळीत दिसते. रक्त नीट बघा. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुसाचं, हरीण जवळच पडलं असणार. काळपट लाल असेल तर यकृताचं, आणखी तास-दोन तास थांबा. हिरवट, घाण वास येणारं असेल तर गोळी पोटात गेली. मग कितीही जीव तुटला तरी कित्येक तास थांबायचं. या वेळात “तू घाई केलीस”, “मी म्हटलं होतं” हे दोन्ही बंद. जंगलात कुणी कुणाला बोल लावायचा नाही, हा आतेसासूबाईंचा दंडक होता, आणि सासऱ्यांसारख्या तापट माणसानंही तो पाळला.

हरीण मिळालं की आधी काठीनं डोळ्याला स्पर्श करून बघा. मग साफ करायचं. एकानं मागचे पाय फाकवून धरायचे, दुसऱ्यानं सुरी चालवायची, हातमोजे दोघांनी. सुरीचं पातं वर, दोन बोटांच्या मधून, म्हणजे कातडं कापतं पण खालचं जठर फुटत नाही. मूत्राशय फुटलं तर मांस बिघडू शकतं. वाफ येते, उग्र वास येतो, पहिल्यांदा पोट ढवळतं. ज्याला ढवळेल त्यानं पाय धरावेत. आत थंड हवा लागायला हवी म्हणून छाती काठीनं उघडी ठेवा.

संध्याकाळी बंदुका रिकाम्या करून कुलपात गेल्याशिवाय बिअर उघडायची नाही. आणि पुण्याच्या घराचा विषय. दादा गेल्यापासून तुम्ही दोघं त्याबद्दल वकिलांमार्फत बोलता आहात, हे मला कुणी सांगितलं नाही, तरी कळतं. केबिनमध्ये तो विषय निघेल. टेबलावर समोरासमोर बसून काढू नका. सासरे आणि आतेसासूबाई असले विषय फक्त हात कामात असताना काढत. एक भांडी विसळतोय, दुसरा पुसतोय, किंवा दोघं मांसाचे तुकडे करताहेत. तोंडाकडे बघावं लागत नाही आणि मध्येच गप्प झालं तरी विचित्र वाटत नाही. शेताची हद्द त्यांनी अशीच, दोन हिवाळ्यांत, मिटवली. जमलं नाही तर पत्ते खेळा. तिकडे शीप्सहेड खेळतात, केबिनवाले शेजारी शिकवतील.

ज्या दिवशी हरीण हाती लागेल त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत त्याची नोंद करायची, फोनवरून होते. डोकं तपासणीच्या पेटीत द्या. हरणांना झिजवून मारणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज 2002 मध्ये विस्कॉन्सिनात पहिल्यांदा उघडकीला आला आणि तेव्हापासून पसरतोच आहे. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण त्यातलं बिघडलेलं प्रथिन शिजवूनही नष्ट होत नाही, आणि लागण निघालेलं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. तेव्हा निकाल येईपर्यंत एक घासही नाही.

मांस हाडावरून सोडवून घ्या, बऱ्याच राज्यांत बाहेरून सांगाडा आणता येत नाही. हरणाची चरबी सगळी काढून टाका, ती तोंडात मेणासारखी चिकटते. थोरलीनं वाटे घालावेत आणि पहिला वाटा धाकट्यानं उचलावा. पाठीच्या कण्यालगतच्या दोन पट्ट्या असतात, त्या सगळ्यात मऊ, एक-एक दोघांना. त्या तापल्या तव्यावर, आत गुलाबी राहतील एवढ्याच. मांडीचं मांस मात्र कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर, तेल जरा सढळ हातानं, कारण त्याला स्वतःचं काही सुटत नाही. पुड्यांवर हरणाचा नोंदणी क्रमांक लिहा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. निकाल ज्याच्या नावावर हरीण आहे त्याला येतो. त्यानं दुसऱ्याला त्याच दिवशी कळवायचं, आणि मेसेज न टाकता फोन करायचा.