मापाचे खोगीर आणि ग्राहकाचा हक्क

दुकानातील तयार वस्तू सदोष निघाल्यास ती परत करता येते, ही गोष्ट आता ग्रामीण भागातही बहुतेकांना ठाऊक झाली आहे. माप देऊन मुद्दाम करवून घेतलेल्या वस्तूविषयी मात्र वेगळाच समज रूढ आहे. "ही वस्तू तुमच्यासाठीच केली, ती दुसऱ्या कोणाच्याही कामाची नाही, आता परत कशी घ्यावयाची?" असे कारागिराने विचारले की ग्राहक निरुत्तर होतो आणि दिलेल्या पैशांवर पाणी सोडतो. वास्तविक कायद्याची दृष्टी याच्या उलट आहे. माप घेऊन वस्तू करून देण्याचे ज्याने पत्करले, त्याने ती मापास उतरविण्याची जबाबदारीही पत्करलेली असते. हा हक्क कसा मिळतो, कशाने टिकतो आणि कशाने गमावला जातो, हे घोड्याच्या खोगिराच्या उदाहरणावरून पाहणे उपयुक्त ठरेल.

हिंगोली आणि घोडा

हे उदाहरण हिंगोली जिल्ह्यास अपरिचित नाही. निजामाच्या राजवटीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी हिंगोलीस होती आणि त्या फौजेत घोडदळ होते. १९०३ मध्ये ही फौज भारतीय लष्करात विलीन झाली. पुढे १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत व औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो. मोटारींच्या युगात घोड्याचे काम कमी झाले असले, तरी लग्नसराईत नवरदेवासाठी घोडा पुरवून संसार चालविणारी आणि हौसेने घोडा बाळगणारी माणसे गावोगाव आढळतात.

जीन बनविणारा तो जीनगर. ही कारागिरी एके काळी आपल्याकडे मानाची होती. त्या काळी कारागीर आणि घोडा एकाच गावात असत. खोगीर टोचले तर घोडा पुन्हा त्याच्या दारात उभा करता येई. आता खोगीर पुष्कळदा दूरच्या शहरातून मागवावे लागते. खोगिरांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले उत्तर प्रदेशातील कानपूर हे त्यांपैकी प्रसिद्ध केंद्र होय. कारागिराने घोडा पाहिलेला नसतो आणि मालकाने कारागीर पाहिलेला नसतो. दोघांमध्ये असतो तो केवळ कागद. म्हणून त्या कागदाचे महत्त्व फार.

खोगीर बसत नाही म्हणजे काय?

मापाविषयीचा वाद मोघम शब्दांनी जिंकता येत नाही. "खोगीर बरोबर नाही" एवढे म्हणणे पुरेसे नसते. दोष कोठे आहे ते दाखवावे लागते. स्वार बसल्यानंतर खोगिराची पुढची कमान आणि घोड्याच्या मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा यांमध्ये दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे. खोगिराखालच्या दोन गाद्यांमधील पन्हळ पुढून मागेपर्यंत मोकळी असावी, म्हणजे कण्यावर भार येत नाही. गाद्या पाठीला सर्वत्र सारख्या टेकाव्यात आणि स्वाराचे वजन शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये. सांगाडा अरुंद असेल तर तो खांद्याजवळ दोन्ही बाजूंनी चिमटतो. प्रमाणाबाहेर रुंद असेल तर खोगीर खाली बसून कण्याला भिडते. अरुंद खोगिराखाली जाड कापड घालणे हा उपाय नव्हे; त्याने चिमटा अधिकच आवळतो.

घामाची खूण हीदेखील एक सोपी परीक्षा आहे. काम झाल्यावर खोगीर उतरवावे. पाठ सर्वत्र घामेजलेली असून मध्येच एखादा कोरडा डाग दिसला, तर तेथे दाब अधिक पडत असल्याचा संशय घ्यावा. दाब चालूच राहिला तर सूज येते, कातडी सोलवटते आणि पुढे त्या जागी पांढरे केस उगवतात. आपल्या भाषेत निरुपयोगी भरण्याला 'खोगीरभरती' म्हणतात. परंतु घोड्याच्या दृष्टीने खोगिराची भरती एकसारखी असणे ही अत्यंत महत्त्वाची बाब आहे.

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. जखमेमुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराला कामास जुंपणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ प्रमाणे अपराध आहे. म्हणजे खोगीर चुकले तर मालकाचे पैसे अडकतात, घोड्याची पाठ जाते आणि ऐन हंगामात रोजगारही बंद पडतो.

कायदा काय सांगतो?

या बाबतीत दोन कायदे ग्राहकाच्या बाजूस उभे आहेत. पहिला, मालविक्री अधिनियम, १९३०. याच्या कलम १६ चा आशय असा की, वस्तू कोणत्या विशिष्ट कामासाठी हवी आहे हे खरेदीदाराने विक्रेत्यास कळविले असेल, तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल आणि तशी वस्तू पुरविणे हा विक्रेत्याचा नित्य व्यवसाय असेल, तर वस्तू त्या कामास योग्य असावी ही गर्भित शर्त करारात असते. ती कागदावर लिहिलेली नसली तरीही असते. घोड्याची मापे पाठवून खोगीर मागविणारा मालक नेमके हेच करीत असतो. "मुद्दाम तुमच्यासाठी केले" हे वाक्य कारागिराचा बचाव नसून त्याच्या जबाबदारीची कबुलीच ठरते.

दुसरा, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. महाराष्ट्रात ग्राहक चळवळीने १९७० नंतरच्या दशकात मूळ धरले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. १९८६ मध्ये देशात पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. करारानुसार वस्तूत असावयास हव्या त्या गुणवत्तेतील उणीव म्हणजे 'दोष', अशी व्याख्या त्यात आहे. सदोष वस्तू परत घेऊन तिची किंमत बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत न करणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीही तशीच प्रथा होय. चामडे मालकाने स्वतः आणून दिले आणि कारागिराने केवळ शिवणकाम केले, तर तो व्यवहार 'सेवा' या सदरात येऊ शकतो. तेथेही त्रुटीबद्दल दाद मागता येते.

घोडा भाड्याने देणारा 'ग्राहक' ठरतो काय?

वाणिज्यिक प्रयोजनासाठी वस्तू घेणारा या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही. मग लग्नात घोडा पुरविणाऱ्याचे काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या स्पष्टीकरणातच आहे. केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका मिळविण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणे हे वाणिज्यिक प्रयोजन मानले जात नाही. महाराष्ट्रातील एका लघुउद्योगाने मागविलेल्या यंत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९९५ रोजी या मुद्द्याचे विवेचन केले. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या नावाने तो निर्णय ओळखला जातो. त्या उद्योगास ग्राहक मानले गेले नाही. परंतु स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच राहतो, हे त्यात स्पष्ट झाले. त्याच न्यायाने एक-दोन घोडे स्वतः सांभाळून त्यांवर घर चालविणाऱ्यास ग्राहक म्हणून दाद मागता येईल. अनेक नोकर ठेवून मोठा व्यवसाय करणाऱ्यास मात्र दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागण्याचा संभव आहे. यासाठी अर्जात उपजीविकेचा उल्लेख स्पष्टपणे करावा.

मागणी नोंदविताना

हक्काची पायाभरणी खोगीर येण्यापूर्वीच होत असते. वाकविता येणारी तार घोड्याच्या पाठीवर खांद्यामागे, मध्यभागी व शेवटच्या बरगडीपाशी दाबून बसवावी आणि तिचा आकार कागदावर उतरवून घ्यावा. प्रत्येक रेखाटनावर तारीख घालावी व सही करावी. घोडा सपाट जागी उभा करून बाजूने व मागून छायाचित्रे घ्यावीत. घोड्याचे वय, त्याचे काम व स्वाराचे अंदाजी वजन कळवावे. "हे खोगीर याच घोड्यास बसावे" असे वाक्य मागणीपत्रात अवश्य लिहावे. आगाऊ रकमेची पावती घ्यावी आणि माप चुकल्यास दुरुस्ती किती दिवसांत होईल, रक्कम केव्हा परत मिळेल, हे लिहून घ्यावे. या सर्व कागदांची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

खोगीर हाती आल्यावर

मालविक्री अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे वस्तू तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ती स्वीकारली असे मानले जात नाही. परंतु कलम ४२ म्हणते की, नाकारल्याचे न कळविता वाजवी मुदतीपलीकडे वस्तू ठेवून घेतली, तर ती स्वीकारली असे समजले जाते. अनेक हक्क येथेच बुडतात. दोष दिसूनही संपूर्ण लग्नसराईभर खोगीर वापरले आणि नंतर पैसे मागितले, तर रक्कम परत मिळण्याची बाजू दुबळी होते. फार तर नुकसानभरपाई मागता येते. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच परीक्षा करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि वापर थांबवावा. पाठीवर सूज वा जखम असल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांचा लेखी अभिप्राय घ्यावा.

त्यानंतर स्पीड पोस्टने पत्र पाठवावे. नमुना पुढीलप्रमाणे:

"आपणाकडे दिनांक ... रोजी मापे पाठवून मागविलेले खोगीर दिनांक ... रोजी मिळाले. स्वार बसल्यावर त्याची कमान घोड्याच्या पाठीस टेकते; छायाचित्रे सोबत जोडली आहेत. खोगीर पाठविलेल्या मापांस उतरत नसल्याने मी ते नाकारीत आहे. ते वापरात नसून माझ्याकडे सुरक्षित आहे. आपण ते पंधरा दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावे किंवा माझी रक्कम रुपये ... परत करून ते घेऊन जावे."

दुरुस्तीची संधी देणे शहाणपणाचे असते, कारण भरती कमी-अधिक करून पुष्कळ दोष निघतात. सांगाडाच अरुंद असेल तर मात्र भरतीने काम भागत नाही. वस्तू योग्य कारणाने नाकारल्यावर ती स्वखर्चाने परत पाठविण्याचे बंधन, तसा करार नसल्यास, कलम ४३ प्रमाणे खरेदीदारावर नाही. ऑनलाइन व्यवहारातही ठरल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असे २०२० चे ई-वाणिज्य नियम सांगतात.

जिल्हा आयोगाकडे तक्रार

उत्तर न आल्यास प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकास मोठी सवलत दिली आहे: विक्रेता कोठेही असो, तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. कानपूरच्या खोगिरासाठी सेनगावच्या माणसास कानपूर गाठावे लागत नाही. दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाही. वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

तक्रार दाखल करून घेतल्यानंतर विरुद्ध पक्षास नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आयोग आणखी पंधरा दिवस देऊ शकतो, त्याहून अधिक नाही. उभयतांची तयारी असल्यास प्रकरण मध्यस्थीकडे जाते. दोष सिद्ध झाल्यास आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. आदेशाविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. आदेश न पाळणाऱ्यास कारावास वा दंड होऊ शकतो.

हक्काची मर्यादा

कारागीरही आपल्यातलाच आहे आणि त्याच्या श्रमाचे मोल राखले पाहिजे. मालकाने चुकीची मापे पाठविली, खोगीर तयार होईपर्यंत घोडा विकून दुसरा घेतला किंवा केवळ मन बदलले, तर रक्कम परत मागता येणार नाही. घोड्याची पाठही कायम सारखी राहत नाही. खुराक व काम यांनुसार ती भरते वा उतरते. मापे घेऊन सहा महिने लोटल्यावर खोगीर सैल झाले, तर तो कारागिराचा दोष म्हणता येत नाही. तारखेसह ठेवलेले रेखाटन अशा वेळी प्रामाणिक कारागिराचेही रक्षण करते.

गावपातळीवरील कार्य

खोगिराबाबत जे खरे, तेच शिवून घेतलेल्या कपड्यांबाबत, सुताराकडून करविलेल्या दारांबाबत, बैलगाडीच्या चाकांबाबत आणि शाळेसाठी मागविलेल्या बाकांबाबतही खरे आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी मागणीपत्राचा व नकारपत्राचा एकेक नमुना कार्यालयात ठेवावा आणि ज्यास लिहिता येत नाही त्यास तो भरून द्यावा. शिक्षकांनी २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी विद्यार्थ्यांकडून असे पत्र लिहून घ्यावे. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाठीच्या जखमेची नोंद करताना तिचे संभाव्य कारणही लिहावे. जो घोडेवाला आज मापाच्या कागदावर तारीख घालून सही करील, त्याला उद्या कारागिरापुढे निरुत्तर व्हावे लागणार नाही.