लस घे गं, पण आधी तपासून घे

दिराला क्षय निघाल्यापासून तुझ्या जिवाला घोर लागलाय, ते कळतंय मला. एका घरात राहता, एका चुलीवर जेवता, लेकरं त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघायचंय ते वेगळंच. म्हणून तू विचारलंस, ‘ताई, मोठ्या माणसांनाही आता टीबीची लस देतात म्हणे, मी घेऊ का?’ मिळत असेल आणि तुला चालत असेल तर जरूर घे. पण तिच्या भरवशावर बाकीचं काही सोडू नकोस.

ही लस काही नवी नाही. लेकरू जन्मलं की डाव्या दंडावर टोचतात आणि पुढे वण राहतो, तीच बीसीजी. १९२१ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा दिली गेली, आपल्या देशात १९४८ पासून आली. क्षय मेंदूत जाऊ नये, अंगभर पसरू नये, यासाठी लहान लेकरांची तिच्यामुळे चांगली राखण होते. मोठेपणी फुप्फुसाला होणारा क्षय मात्र तिने टळेलच असं नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ साली फार मोठी चाचणी सुरू झाली होती. पंधरा वर्षं लोकांवर लक्ष ठेवलं, पण मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर लशीचा उपयोग दिसला नाही.

मग आता मोठ्यांना का देतात? तर सरसकट देत नाहीत. २०२४ पासून देशातल्या निवडक जिल्ह्यांत, ज्यांना धोका जास्त अशा प्रौढांना संमती घेऊन देतात आणि त्यांच्यात क्षय कमी होतो का, ते नोंदी ठेवून बघतात. साठीच्या पुढची माणसं, साखरेचा आजार असलेली, विडी-सिगारेट ओढणारी, अंगाने फार खंगलेली, मागच्या काही वर्षांत क्षय होऊन बरी झालेली, आणि तुझ्यासारखी रुग्णाच्या सहवासातली, असे हे लोक. म्हणजे तूही त्यात बसतेस, सासूबाईही बसतात. आपल्याकडे ती मिळते का आणि कुठे, हे आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचार.

आता एक बाईबाईतलं बोलते. पाळी चुकली असेल तर आधी खात्री करून घे. पोटुशी बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने ही लस घ्यायची नाही. एचआयव्ही असेल, आजाराने किंवा औषधांनी अंगातली ताकद कमी झाली असेल, सध्या क्षयाचे उपचार चालू असतील, तरीही नाही. टोचणाऱ्या सिस्टरला हे सगळं सांग, लाजू नकोस. नंतर त्या जागी फोड येतो, कधी पिकतो, मग हळूहळू भरून वण राहतो. त्याला हळद, चुना, मलम काही लावू नकोस.

पण दंड पुढे करायच्या आधी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घे. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, बेडक्यात रक्त, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नकोस. बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. पाच वर्षांखालच्या लेकरांना धोका सगळ्यात जास्त, त्यांना आधी ने.

तपासणीत कुणालाच क्षय नाही असं ठरलं, की प्रतिबंधाच्या गोळ्या माग. रुग्णाच्या घरातल्यांना त्या सरकारी योजनेतून मोफत मिळतात. आठवड्यातून एकदा असे बारा डोस, किंवा सहा महिने रोज एक गोळी, काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. तुझ्यासाठी या गोळ्यांना लशीपेक्षा जास्त मान आहे, कारण त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. बारा डोसांच्या औषधाने लघवी केशरी होते, घाबरू नकोस. आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असशील तर डॉक्टरांना नक्की सांग. या औषधाने त्यांचा असर कमी होतो, तेवढ्या काळात दुसरं साधन वापरावं लागतं.

दिराचं ताट-तांब्या वेगळा काढू नकोस. क्षय भांड्यांतून पसरत नाही, खोकल्याच्या हवेतून पसरतो. त्याने तोंडावर रुमाल धरावा, घराची दारं-खिडक्या उघडी ठेवावीत. औषधं नीट चालू राहिली की काही आठवड्यांतच त्याच्यापासून लागण होण्याचा धोका खूप घटतो.

आणि खा गं! सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलेल्या भाकरीवर भागवणं सोड. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात रुग्णांच्या घरच्यांना जास्तीचं धान्य-डाळ देऊन पाहिलं. त्या घरांत नव्याने होणारा क्षय ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाला. इतका मोठा फरक नुसत्या पोटभर चांगल्या अन्नाने पडतो. अंडं, शेंगदाणे, मटकी, हुलगे, जमेल ते तुझ्या ताटातही पडू दे. निक्षय पोषण योजनेतून दिराच्या खात्यात उपचार चालू असेपर्यंत महिन्याला हजार रुपये येतात. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते पाचशेच होते. खातं जोडलंय का, ते बघ.

राहिलं टोळीचं. उचल घेतलीय म्हणून मुकादम घाई करील. तरी निघायच्या आधी दवाखान्यात जाऊन कुठल्या कारखान्यावर जाणार ते सांग. दिराचा निक्षय क्रमांक कागदावर लिहून घे. त्या क्रमांकावर देशात कुठल्याही सरकारी केंद्रात औषध मिळतं, मग सांगली असो की कर्नाटक. सहा महिन्यांचा कोर्स फडात तुटला तर जंतू औषधाला दाद देत नाहीत, मग उपचार लांबतात आणि कठीण होतात. कोपीत सगळे दाटीने झोपता, तिथे ती चूक साऱ्या टोळीला भोवेल. काही अडलं तर १८००-११-६६६६ या क्रमांकावर फोन कर, पैसे पडत नाहीत.

तेव्हा बाई, याच आठवड्यात एक दिवस काढ. लेकरांना, सासूबाईंना घेऊन दवाखान्यात जा. आधी तपासणी, मग गोळ्या, आणि लस मिळाली तर तीही. घरातल्या सगळ्यांचं करशील, हे मला माहीत आहे. तिथे स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहून घे.