तेल खवट का होते?

खानदेशात कळण्याच्या भाकरीवर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार हवीच. फोडणीत तेलाचा वास लपतो; कच्च्या तेलात लबाडी चालत नाही. एका वैशाखात तळोद्याच्या आमच्या घरी पहिल्याच घासाला सर्वांनी तोंडे वाकडी केली. तेल खवट झाले होते! १५ किलोचा डबा पौषात आणलेला, निम्मा संपलेला आणि शेगडीशेजारी ठेवलेला. झाकण घट्ट होते. आत मुंगीही शिरली नव्हती. मग तेल बिघडवले कोणी?

विद्यार्थी मित्रांनो, चोर डब्याच्या आतच होता. त्याचे नाव ऑक्सिजन.

दुहेरी बंधाचे दार

तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची लांब साखळी. साखळीत सर्व बंध एकेरी असले तर ते संपृक्त. एखादा जरी दुहेरी असला तर असंपृक्त. दुहेरी बंधापाशी साखळीला बाक येतो, म्हणून असे रेणू एकमेकांना चिकटून नीट रचले जात नाहीत आणि तेल पातळ राहते. सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाच्या बियांचे तेल काढतात. त्यात संपृक्त मेदाम्ले बरीच असल्याने ते थंडीत थिजते. त्याच सकाळी शेजारचे शेंगदाणा तेल मात्र पातळच असते.

ऑक्सिजन शिरतो तो या दुहेरी बंधाच्या शेजारून. तेथे पेरॉक्साइडे तयार होतात. ती फुटून उग्र वासाचे पदार्थ बनतात. हाच खवटपणा. ही साखळी प्रक्रिया आहे: एक बिघडलेला रेणू दुसऱ्याला बिघडवतो. म्हणून जुन्या तेलात नवे ओतू नये. दुधाला विरजण लावावे, तसेच ते होते.

कोणते तेल घ्यावे?

खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त, म्हणून ते टिकाऊ. करडईच्या नेहमीच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते. त्यात दोन दुहेरी बंध, म्हणून ते लवकर खवटते. शेंगदाणा तेल या दोहोंच्या मधले. तिळाच्या तेलातही दुहेरी बंध पुष्कळ. पण त्यात ऑक्सिजनला अडवणारी नैसर्गिक द्रव्ये असल्याने ते चांगले टिकते.

मग सर्वांत टिकाऊ तेलच घ्यावे काय? नाही. असंपृक्त मेदाम्ले हृदयाला हितकर असतात. जो बंध शरीराला उपकारक, तोच ऑक्सिजनला दार उघडतो! म्हणून तेल निवडणे आणि तेल साठवणे हे एकच गणित आहे.

घरच्या शेंगा घाण्यावर नेणार असाल, तर दाणे नीट वाळवा. बुरशीचे आणि काळवंडलेले दाणे निवडून टाका. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष घाण्याच्या तेलात आणि पेंडीत उतरू शकते.

निम्म्या डब्याचे गणित

१ लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर तेल. डबा निम्मा झाला की आत सव्वाआठ लिटर हवा येते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. त्याचे वजन भरते २ ग्रॅमहून अधिक. रिफाइंड तेलासाठी आंतरराष्ट्रीय मानकात पेरॉक्साइडची मर्यादा आहे. किलोमागे सुमारे १६० मिलिग्रॅम ऑक्सिजन शोषला गेला, की ती गाठली जाते. उरलेल्या साडेसात किलोला १.२ ग्रॅम पुरे! झाकण कितीही घट्ट लावले तरी चोर आधीच आत असतो, आणि रोज झाकण उघडताना नवा येतो.

आता उष्णता. ठोकळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की अशा प्रक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. पौषातल्या २० अंशांपेक्षा वैशाखातल्या ४० अंशांना तेल चौपट वेगाने खवटते. शेगडीशेजारी तर त्याहूनही लवकर.

म्हणून मोठा डबा आणलाच, तर तो लहान बाटल्यांत काठोकाठ भरून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावा आणि एकेक बाटली उघडावी. बाटली धुऊन पूर्ण कोरडी करावी. तांब्यापितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात तेल ठेवू नये. तांब्याचा अंशही प्रक्रियेला वेग देतो. उन्हाळ्यात महिनाभर पुरेल एवढेच आणावे.

करून पाहा

काचेच्या पाच सारख्या बाटल्यांत एकाच डब्यातले तेल घ्या. पहिली काठोकाठ भरून कपाटात ठेवा. दुसरी निम्मी भरून तिच्याशेजारी. तिसरी काठोकाठ भरून उन्हाच्या खिडकीत. चौथी तशीच, पण काळ्या कागदात गुंडाळून खिडकीतच. पाचवी काठोकाठ भरून, घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून कपाटात. दर रविवारी फक्त वास घ्या, चव घेऊ नका, आणि वहीत नोंद करा. घाई करू नका: साखळी प्रक्रिया आधी हळू चालते आणि मग एकदम वेग घेते. तिसरी आणि चौथी बाटली शेजारी का ठेवली, याचे उत्तर मात्र तुम्हीच शोधा.

आमचा तो निम्मा डबा शेवटी दिव्यांसाठी वापरावा लागला. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याच्या घरी हे घडले, म्हणून ते गणित आधी मला करावे लागले!