पगार वाढवला तर तज्ज्ञ डॉक्टर टिकतील?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ टिकत नाहीत. पगार वाढवून उपयोग होईल का?

उत्तर : पगारामुळे माणूस येतो, टिकतो तो इतर गोष्टींमुळे. भूलतज्ज्ञ एकटाच असेल आणि सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ नसतील, तर सिझेरियनचा पेशंट जिल्ह्यालाच पाठवावा लागतो आणि शिकलेलं कौशल्य वाया जातं. म्हणून नेमणूक टीमची हवी. शिवाय राहण्याजोगं क्वार्टर, मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी आणि ठरल्या मुदतीत बदलीची हमी लागते. ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशात स्थान द्या, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच केली; असे डॉक्टर गावाकडे जास्त टिकतात. हे सरकारच्या हातात; तुमच्या हातात आहे ते म्हणजे, रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत क्वार्टरच्या दुरुस्तीचा विषय आधी लावून धरा.