खलनायिकेचं बालपण कशाला दाखवतात?

प्रश्न : मुंबईहून सुट्टीत आलेल्या नातीनं मला ‘क्रुएला’ हा इंग्रजी चित्रपट दाखवला. कुत्र्याच्या पिल्लांच्या कातड्याचा कोट शिवू पाहणारी ती दुष्ट बाई मला जुन्या कार्टूनमुळे ठाऊक होती. इथे मात्र तिचं पोरकेपण बघून मला तिची कीव आली. आमच्या दशावतारात असुर तो असुरच असतो, त्याच्या लहानपणाची चौकशी कुणी करत नाही. हल्ली दुष्टांना असं बिचारं का करतात? आणि हा चित्रपट चांगला म्हणायचा की वाईट? नात नऊ वर्षांची आहे.
– एक वाचक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन शंका आहेत. खलनायकाची जन्मकथा सांगण्याची ही रीत नवी आहे का, ती ऐकली की त्याला माफ करावंच लागतं का, आणि या एका चित्रपटात ती कितपत जमली आहे.

पहिली शंका दशावतारापासूनच सोडवू. मुख्य आख्यानाआधीच्या आड दशावतारात येणारा संकासुर आठवा. काळा वेश, झाकलेलं तोंड, भटजीची मालवणीत उडवलेली रेवडी, मग वेदांची चोरी आणि विष्णूच्या हातून वध. त्याचा चेहराच दिसत नाही, म्हणून ‘हा असा का झाला?’ असं आपल्या मनात येत नाही. पण पुढे आख्यानात राजा किंवा राक्षस उघड्या, रंगवलेल्या चेहऱ्यानं येतो तेव्हा काय होतं? त्यानं केलेलं तप, त्याला मिळालेला वर, कुणीतरी केलेला अपमान, हे सगळं तो स्वतःच्या तोंडानं सांगतो. चेहरा दिसला की कारण विचारलं जातं.

कार्टूनकडून माणसांच्या चित्रपटाकडे येताना नेमकं हेच घडतं. १९६१ सालच्या डिस्नेच्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मधली क्रुएला म्हणजे काटकुळे हातपाय, अर्धे काळे अर्धे पांढरे केस आणि भलामोठा फरचा कोट. तिला ९९ पिल्लांची कातडी हवी असते. का, असं कुणी विचारत नाही, कारण ती रेषांची बनलेली आहे. १९९६ साली ग्लेन क्लोजनं ती हाडामांसाची केली, पण तिच्या अभिनयातली अतिशयोक्ती इतकी ठरवून केलेली होती, की तिचा चेहरा मुखवट्यासारखाच राहिला. २०२१च्या चित्रपटात दिग्दर्शक क्रेग गिलेस्पी यांनी एमा स्टोनचा चेहरा जवळून दाखवला. रडणारा, खोटं बोलणारा, घाबरणारा चेहरा. मग तिच्या दुष्टपणाला कारण शोधणं भागच पडलं.

याला धंद्याचीही बाजू आहे. डिस्नेनं आपल्या जुन्या कार्टूनांवर माणसांचे चित्रपट काढायचा सपाटाच लावला आहे. त्यातल्या २०१४च्या ‘मॅलेफिसंट’नं जगभरात ७५ कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. प्रेक्षकांना आधीच माहीत असलेलं पात्र घ्यायचं आणि त्याची माहीत नसलेली बाजू विकायची, हे गणित तेव्हा पक्कं झालं.

पण ही रीत काही परदेशातून आलेली नाही. जय आणि विजय हे वैकुंठाचे द्वारपाल. त्यांनी सनकादिक ऋषींना दारात अडवलं, शाप मिळाला, आणि तेच पुढे हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र म्हणून जन्मले. तीन युगांतल्या खलनायकांची ही जन्मकथा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कीर्तनांतून सांगितली जाते. ती ऐकून रावणानं सीतेला पळवलं ते बरोबर केलं, असं कुणाला वाटलं नाही.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर इथेच आहे. कारण कळणं वेगळं आणि क्षमा करणं वेगळं. चांगली जन्मकथा कारण पुरतं उलगडते आणि अपराध मात्र ज्याचा त्याच्याकडेच ठेवते. याचं मराठीतलं सर्वांत धारदार उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’. नाटक रंगभूमीवर आलं १९७२ साली. १९७६ मध्ये युक्त फिल्म सहकारी संस्थेनं त्यावर चित्रपट केला. तो मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप अशा चौघांनी मिळून दिग्दर्शित केला. ओम पुरी यांचा हा पहिला चित्रपट, त्यात ते घाशीराम होते आणि मोहन आगाशे नाना फडणवीस.

कनोजचा एक गरीब ब्राह्मण पोट भरायला पुण्यात येतो. त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, मार बसतो, शहराबाहेर हाकललं जातं. तो सूड घ्यायची शपथ घेतो. इथवर आपण पूर्णपणे त्याच्या बाजूनं असतो. मग तो काय करतो? स्वतःची मुलगी नानाच्या हवाली करतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. त्या क्षणी आपला जीव दोन बाजूंनी ओढला जातो. त्याच्यावर झालेला अन्याय खराच होता, आणि पोरीवर त्यानं केलेला अन्यायही तितकाच खरा आहे. पुढे तो पुणेकरांचा छळ मांडतो तेव्हा लेखक त्याच्या दुःखाची आठवण काढून आपल्याला मऊ करत नाही. ज्या नानानं त्याला वापरलं तो सहीसलामत सुटतो, तरी त्यामुळे घाशीराम निर्दोष ठरत नाही. माझ्या मते खलनायकाच्या जन्मकथेची खरी कसोटी हीच.

आता या कसोटीवर ‘क्रुएला’ लावून पाहू. लहानपणीची क्रुएला, म्हणजे एस्टेला, हुशार, तापट, शिवणकामात तरबेज. तिची आई एका मेजवानीच्या रात्री कड्यावरून पडून मरते, आईला ढकलणारी असतात डाल्मेशियन कुत्री. पोर आपल्यामुळेच आई गेली असं समजून लंडनला पळते, जॅस्पर आणि होरेस या दोन भुरट्या पोरांबरोबर वाढते आणि पुढे बॅरोनेस या बड्या फॅशनवालीकडे नोकरीला लागते. मग कळतं की शिटी वाजवून कुत्र्यांना सोडणारी हीच बॅरोनेस. त्यानंतर कळतं की हीच तिची खरी आई, आणि हिनंच तान्ह्या पोरीला नाहीसं करायचा हुकूम दिला होता.

इथेच चित्रपट घसरतो. नायिकेला वाईट दाखवायचं धाडस होत नाही, म्हणून तिच्यापेक्षा कितीतरी वाईट बाई समोर उभी केली आहे. बॅरोनेसच्या शेजारी कुणीही सज्जनच दिसेल. ‘मॅलेफिसंट’मध्ये हीच युक्ती होती. त्या नावाच्या खलनायिकेचे पंख कापून नेणारा स्टीफन सगळं पाप आपल्या डोक्यावर घेतो आणि शाप देणारी ती मात्र शेवटी प्रेमळ आई ठरते. पाप असं दुसऱ्याच्या खात्यावर टाकलं की खलनायिकेची गोष्ट उरत नाही, ती सूड घेणाऱ्या नायिकेची गोष्ट होते.

दुसरा दोष त्याहून मोठा वाटतो. ज्या गुन्ह्यासाठी ही बाई साठ वर्षं कुप्रसिद्ध आहे, तो पिल्लांचा गुन्हा या चित्रपटात घडतच नाही. एके ठिकाणी ती ठिपक्यांचा वेश घालून येते, तेव्हा हिनं कुत्र्यांची कातडी सोलली की काय असा संशय येतो, पण कुत्री सुखरूप असतात. उलट शेवटी ती पोंगो आणि पर्डिटा ही पिल्लं रॉजर आणि अनिता या जुन्या कार्टूनमधल्या त्यांच्या मालकांना भेट पाठवते. या प्रेमळ मुलीपासून त्या कातडी सोलायला निघालेल्या बाईपर्यंतचा रस्ताच चित्रपटानं बांधलेला नाही. तिची प्रसिद्ध लांब सिगारेटची नळीसुद्धा गायब आहे, कारण डिस्ने आपल्या चित्रपटांत धूम्रपान दाखवत नाही. सव्वादोन तासांच्या लांबीत एकामागून एक जुनी इंग्रजी गाणीही इतकी पेरली आहेत, की प्रसंगाला स्वतःचा श्वास घ्यायला जागा राहत नाही.

मग चांगलं काय? पुष्कळ आहे, आणि ते मनापासून सांगायला हवं. सर्वांत आधी कपडे. कथा घडते सत्तरच्या दशकातल्या लंडनमध्ये, पंक पोरापोरींच्या बंडखोर फॅशनच्या काळात. पांढरा झगा पेट घेतो आणि आतून लाल पोशाख उलगडतो. कचऱ्याच्या गाडीतून एक ढीग खाली पडतो आणि तो ढीगच तिच्या झग्याचा घोळ असतो. वेशभूषाकार जेनी बीवन यांना या कामासाठी २०२२ साली ऑस्कर मिळालं, ते त्यांचं तिसरं. हे कपडे नुसते देखणे नाहीत. एस्टेलाला जे तोंडानं बोलता येत नाही ते ती कापडातून बोलते, त्यामुळे तिचा राग, ईर्ष्या आणि प्रतिभा एकाच वेळी डोळ्यांना दिसतात. तिच्यातली खरी खलनायिका संवादांत कमी आणि या कपड्यांत जास्त आहे. दुसरं, दोन एमांची जुगलबंदी. एमा थॉम्पसनची बॅरोनेस आवाज न चढवता समोरच्याचा पाणउतारा करते, आणि एमा स्टोन तिचीच लकब हळूहळू उचलते. आपल्याला जिनं छळलं तिच्यासारखीच आपण होत चाललो आहोत, ही भीती तिच्या डोळ्यांत दोन-तीनदा चमकून जाते. पटकथेनं तो धागा धरला असता तर चित्रपट फार वर गेला असता.

एक गैरसमज मात्र उलट बाजूचाही आहे, की खलनायकाला कारण दिलंच पाहिजे. तुमच्याच जिल्ह्यात, आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आठवा. २०१६च्या पहिल्या पर्वाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूनं होते. २०१९चं दुसरं पर्व मागे जाऊन ते जिवंतपणी काय होते ते दाखवतं. माधव अभ्यंकरांच्या अण्णांना कुठलंही करुण बालपण चिकटवलेलं नाही. लोभ, वासना आणि दरारा, एवढ्यावर तो माणूस उभा राहिला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. याउलट प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) सगळा भर कारणावर देतो. पुण्याभोवतीच्या जमिनी विकल्या गेल्या, पैसा उडाला, आणि शेतकऱ्याचा पोरगा राहुल गुंडगिरीत शिरला. इथे त्याच्याहून वाईट माणूस पुढे करून त्याला धुऊन काढलेलं नाही. या चित्रपटाची अडचण वेगळी आहे. गुंडाचा रुबाब पडद्यावर इतका आकर्षक दिसतो, की त्यातलं गाणं वरातींत वाजत राहिलं आणि जमिनीचा प्रश्न मागे पडला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : ‘क्रुएला’ हा बघण्याजोगा, कल्पक चित्रपट आहे, पण खलनायिकेची जन्मकथा म्हणून अपुरा आहे. तुम्हाला तिची कीव आली यात तुमची चूक नाही, चित्रपट रचलाच तसा आहे.

नातीचं म्हणाल तर अमेरिकेत या चित्रपटाला तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी सावध राहावं असा दर्जा दिलेला आहे. तो रक्तपातासाठी नाही. आई डोळ्यांदेखत कड्यावरून पडते आणि जन्मदातीच पोरीला मारू पाहते, हे प्रसंग लहान मुलांच्या मनात राहतात. तिनं तो बघितलाच आहे, तर आता १९६१चं कार्टून तुम्ही दोघी मिळून बघा. मधल्या काळात या बाईचं काय झालं असेल, ते तिला विचारा. नऊ वर्षांच्या मुलीकडून त्याचं पटकथाकारांपेक्षा बरं उत्तर मिळण्याचा पुष्कळ संभव आहे. मिळालं तर मला जरूर कळवा.