पाळकाचे टपाल व दिनदर्शिका : विनामूल्य साधने कशी निवडावीत?

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम १८:१३–२६, लूक १४:२८–३०, २ थेस्सलनीकाकरांस २:१–२ व ३:१७.



ख्रिस्ती मंडळीचे पुष्कळसे काम आरंभापासून पत्रांच्या द्वारे होत आले आहे. प्रेषित पौलाचे रोमकरांस पत्र तर्तियाने लिहून घेतले. कलस्सैकरांस पौलाचा समाचार तोंडी सांगण्याचे काम तुखिकावर सोपविले होते. लिहिणाराही विश्वासू व नेणाराही विश्वासू, असा तो व्यवहार होता. आज आपल्या पाळकांचा पत्रव्यवहार ई-मेलने चालतो व भेटीगाठींची नोंद मोबाईलवरील कॅलेंडरात होते. तुखिकाची जागा परदेशी कंपन्यांनी घेतली आहे, आणि त्या आपल्यापासून एक पैसाही मागत नाहीत. असा फुकट राबणारा निरोप्या ठेवण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, ह्याचा आज विचार करू.

१. फुकट वस्तूचाही खर्च असतो. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून हिशेब करावा, असे प्रभूने शिकविले. तसाच हिशेब येथेही करावा. गुगल कंपनीचे जीमेल २००४ साली सुरू झाले. त्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. परंतु ती जागा पत्रे, कागदपत्रे व फोटो ह्या सर्वांस मिळून एकच आहे. नाताळाच्या कार्यक्रमाची छायाचित्रे व चलचित्रे तीत साठवीत गेल्यास एके दिवशी जागा भरते आणि नवी पत्रे येणे बंद होते. मायक्रोसॉफ्टचे आउटलुकही विनामूल्य आहे. पूर्वीच्या हॉटमेलचे तेच पुढले रूप. ह्या कंपन्यांस जाहिरातींपासून उत्पन्न होते. जाहिराती निवडण्यासाठी पत्रांतील मजकूर वाचण्याची यंत्रांची रीत आपण बंद करीत आहोत, असे गुगलने २०१७ साली जाहीर केले. तरी जाहिरातींचा धंदा चालूच आहे. स्वित्झर्लंडातील प्रोटॉन मेल २०१४ साली निघाले. त्याचा खर्च पैसे भरणारे ग्राहक सोसतात. विनामूल्य जागा मात्र फार थोडी, सुमारे १ जीबीपर्यंतच मिळते. प्रोटॉनच्या एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर गेलेले पत्र लाखबंद लिफाफ्यासारखे असते. मधल्या कोणास, खुद्द त्या कंपनीसही, त्यातील मजकूर वाचता येत नाही. परंतु तेच पत्र जीमेलवाल्यास साध्या रीतीने पाठविले, तर तिकडे पोहोचल्यावर ते इतर पत्रांसारखेच होते, हे ध्यानात ठेवावे.

२. पत्ता मंडळीचा असावा. पाळकाची बदली होते, मंडळी मात्र तेथेच राहते. बाप्तिस्म्याच्या दाखल्याची मागणी, विवाहाविषयीची पत्रे, वरिष्ठ कार्यालयाचे हुकूम हे सर्व पाळकाच्या खाजगी पत्त्यावर येत असेल, तर तो गेल्यावर नव्या पाळकाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून मंडळीच्या नावाने निराळा पत्ता काढावा. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफ्यात बंद करून, चिटणीसाजवळ नोंदवहीबरोबर कुलपात ठेवावा. आणि पाळक बदलला म्हणजे तोही बदलावा. पासवर्ड विसरल्यास ज्या मोबाईलवर संदेश येतो, तो क्रमांक मंडळीने नेमलेल्या माणसाचा असावा. आणखी एक गोष्ट : दोन वर्षे न वापरलेली खाजगी खाती पुसून टाकण्याचा नियम गुगलने डिसेंबर २०२३ पासून अंमलात आणला आहे. पाळकाची जागा रिकामी राहिली, तरी चिटणीसाने ते खाते अधूनमधून उघडावे.

३. दिनदर्शिका वाटून घ्यावी, गुपित वाटू नये. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसला, तेव्हा इथ्रोने त्यास काम वाटून देण्याची मसलत दिली. चारपाच गावे सांभाळणाऱ्या पाळकास तीच मसलत लागू आहे. गुगल कॅलेंडर उपदेशकांबरोबर वाटून घेतले, तर कोणत्या रविवारी कोणत्या गावी प्रभुभोजन आहे हे सर्वांस एकाच वेळी कळते. पुनरुत्थानाचा सण दर वर्षी निराळ्या तारखेस येतो व त्याच्या मागेपुढे इतर दिवसही सरकतात. २०२७ साली तो २८ मार्च रोजी आहे. त्यावरून राखेचा बुधवार १० फेब्रुवारीस व पन्नासावा दिवस १६ मेस येतो. हे वर्षारंभीच नोंदविले म्हणजे घोटाळा होत नाही. परंतु कॅलेंडर वाटताना दोन प्रकार असतात : एकात सर्व तपशील दिसतो, दुसऱ्यात ती वेळ मोकळी आहे की नाही एवढेच दिसते. सार्वजनिक उपासनांसाठी पहिला प्रकार योग्य. पाळकाच्या खाजगी भेटींसाठी दुसराच घ्यावा. अमक्या घरी नवराबायकोच्या भांडणासाठी जावयाचे, असे वाटलेल्या कॅलेंडरात लिहिणे म्हणजे ते चावडीवर लिहिणे होय.

४. खोट्या पत्रांपासून जपावे. आपल्या नावाने आलेल्या पत्राने घाबरून जाऊ नये, असे पौलाने थेस्सलनीकाकरांस बजाविले आणि आपल्या हातची खूण दाखवून दिली. पाळकाच्या नावाने पैसे मागणारी खोटी ई-मेल आजही येतात. म्हणून उपासनेच्या वेळी स्पष्ट सांगावे की पाळक ई-मेलने पैसे मागत नाही, आणि असे पत्र आल्यास फोन करून किंवा समक्ष भेटून खात्री करावी. खात्यास पासवर्डाखेरीज मोबाईलवरील दुसरी खूण लावून ठेवावी, आणि ओटीपी कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नये. पुष्कळांस एकच पत्र पाठविताना सर्वांचे पत्ते बीसीसीच्या रकान्यात घालावेत; नाही तर प्रत्येकाचा पत्ता सर्वांच्या हाती जातो.

तर मग निवड कोणती करावी? खेड्यातील मंडळीच्या सामान्य कामासाठी जीमेल व गुगल कॅलेंडर पुरेसे आहेत. ते बहुतेक अँड्रॉइड मोबाईलांत आधीच असतात व मराठीतही चालतात. ज्याला आउटलुकची सवय आहे त्याने ते सोडण्याचे कारण नाही. पाळकांना एकमेकांशी नाजूक विषयांवर लिहावे लागत असेल, तर दोघांनीही प्रोटॉनचे खाते काढावे. आणि नोंदवही सोडू नये. वीज गेली तरी ती वाचता येते.

तथापि सर्वांत महत्त्वाची गोष्ट साधनाच्या पलीकडची आहे. एखादी बहीण रडत येऊन पाळकास आपले दुःख सांगते, ते त्याच्यावरील विश्वासाने; कंपनीवरील नव्हे. ते दुःख कोणत्याही पेटीत, लाखबंद असली तरी, ठेवावयास तिने दिलेले नाही. नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायातील १३ वे वचन पाळकाने ह्या प्रसंगी आठवावे. काही गोष्टी लिहूच नयेत. त्यांसाठी पायी चालत जावे, बसावे, ऐकावे व प्रार्थना करावी. बाकीचे टपाल ई-मेलने खुशाल जावे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीचा पत्ता कोणाच्या नावाने आहे? उद्या पाळक बदलल्यास पत्रे कोणाच्या हाती येतील?
२. आपल्या कॅलेंडरातील कोणती नोंद सर्वांनी वाचल्यास एखाद्या घराची मानहानी होईल?
३. पाळकाच्या नावाने पैशाचे पत्र आल्यास आपण खात्री कशी कराल?